म्युंडेलगेल्डची फोड

शिवानाना हातात पिशवी धरत नाही. खांद्याला अडकवतो, गळ्यात घालतो, नाहीतर बरोबरच्या माणसाच्या हातात कोंबतो. मासळी बाजारात बायका हसतात. त्याचं काही जात नाही.

•

लांबलचक जर्मन शब्द शेपटाकडून वाचायचा. शेपूट सांगतं वस्तू कोणती. डोकं नुसतं सांगतं, कसली.

•

सातव्या मजल्याच्या बाल्कनीतून उतरणाऱ्या विमानाचं पोट दिसणार आहे. बाल्कनी अजून झालेली नाही. सातवा मजलाही नाही.

•

समीक्षा बाळाराम मढवी, अ.पा.क. काका शिवा.

•

पिवळा खडू पांढऱ्यापेक्षा लवकर झिजतो, असं आशालताबाईंचं ठाम मत आहे. म्हणून पिवळा फक्त शब्दाच्या मुळाला वापरायचा.

•

रंभाकाकी चिरनेरला माहेरी गेली आहे. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.

•

हे सगळे तुकडे एकाच घरातून निखळलेत, म्हणून घरापासूनच सुरुवात करू.

करंजाडेला मढवींचं दुमजली घर आहे. जुनं गाव विमानतळाखाली गेलं तेव्हा बांधलेलं. खाली शिवानाना, रंभाकाकी आणि त्यांचा मुलगा निकेश. वर समीक्षा आणि तिची आई मनिषा. समीक्षाचे वडील बाळाराम हे नानाचे थोरले भाऊ. ती दुसरीत असताना ते अपघातात गेले आणि तेव्हापासून वरच्या मजल्याचं सगळं खालचा मजला बघतो. गॅस कुठून घ्यायचा, शाळा कुठली, डॉक्टर कोणता, लग्नाला आहेर किती. नाना माणूस वाईट नाही. हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर समीक्षाने दहा वर्षांपूर्वीच भांडून घेतलं असतं आणि मोकळी झाली असती.

गावाबरोबर शेतंही गेली. एक तुकडा तेवढा विमानतळाच्या रेषेबाहेर राहिला, उलव्याच्या बाजूला, रस्त्याला लागून. त्यावर निकेश एका बिल्डरला घेऊन इमारत उठवणार होता. कुणाला काय मिळणार ते जेवताना ठरलं. समीक्षाच्या वाट्याला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आला. तिला तो नको होता. तिला रस्त्यावरचा गाळा हवा होता.

कारण असं. पनवेलच्या लाइन आळीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आशालताबाई जर्मन शिकवायच्या. समीक्षा तिथेच शिकली, तिथेच शिकवायला लागली. आता शिकायला येतात त्या जर्मनीला निघालेल्या नर्सेस. दुपारची ड्युटी संपवून येतात, क्रियापदं पाठ करता करता पेंगतात, पण परीक्षा पास होतात. ती इमारत पाडायला निघाली होती आणि बाई मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या. बाईंनी फळा, बाकं, शब्दकोश आणि क्लासचं नाव, सगळं समीक्षाला देऊ केलं होतं. फक्त ठेवायला जागा हवी होती. जागा होती. तिच्या वडिलांच्या जमिनीवर, रस्त्याला लागून, तिच्या हक्काची.

निकेश म्हणाला, “जर्मन शिकवाला गाला? त्यापेक्षा वडापावची गाडी लाव समी. जर्मन लोक पन येतील.”

नाना हसला नाही. त्याने समजावलं. गाळा रिकामा पडून राहतो, भाडेकरू पळून जातो, क्लास आज आहे उद्या नाही. फ्लॅट कसा, कुणीही घेतो. फ्लॅट सुरक्षित. तुझ्या बापाचं आहे ते, माझ्या हातून वाया जाता कामा नये. हे शेवटचं वाक्य तो इतक्या मऊ आवाजात बोलायचा की त्यापुढे बोलणारा माणूस कृतघ्नच ठरायचा.

•

अ.पा.क.

अज्ञान पालनकर्ता. जमिनीच्या मालकाला अठरा पूर्ण नसतील तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ही अक्षरं पडतात आणि त्यापुढे सांभाळणाऱ्याचं नाव. अठरा पूर्ण झाली म्हणून ती आपोआप गळत नाहीत. अर्ज करावा लागतो, वयाचा पुरावा लावावा लागतो.

निकेशच्या एका चुलत भावाची अक्षरं त्याच्या अठराव्या वाढदिवसालाच काढायला टाकली होती. पेढे वाटले होते. मढवींच्या घरात मुलींचं वेगळं. मुलीचं लग्न होणार, नाव बदलणार, मग परत अर्ज. दोनदा कशाला खेटे घालायचे? लग्न झालं की एकदाच करू. हे कुणी ठरवलं कुणाला माहीत नाही, पण आत्यांपासून तेच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण आत्यांची लग्नं विसाव्या वर्षी झाली होती.

समीक्षा आता बत्तीस वर्षांची आहे. लग्न झालेलं नाही. नर्सेसना ती जर्मन भाषेतले करारनामे वाचायला शिकवते. सातबाऱ्यावर ती अजून अज्ञान आहे.

बिल्डरच्या वकिलाने हे बघितलं आणि दोन वाटा सांगितल्या. एक, अक्षरं काढून घ्या आणि बाईंनी स्वतः सही करावी. दोन, वेळ वाचवायचा असेल तर बाईंनी काकांना कुलमुखत्यारपत्र द्यावं, म्हणजे यापुढे त्यांच्या वतीने काका सही करतील. वय झालंय तर एवढी एक सही त्यांची चालेल.

“एकच सई कर,” निकेश म्हणाला. “मंग परत कदी यायला नको तुला.”

पंधरवड्यानंतरच्या मंगळवारी नोंदणी ठरली. समीक्षाने पहिली वाट धरली आणि वयाचा पुरावा शोधायला लागली.

पुरावा नानाच्या कपाटात होता. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्टसुद्धा. पासपोर्ट तिने स्वतः काढला होता, पण घरी येताच नानाने तो हातात घेऊन उलटसुलट केला, फोटो चांगला आलाय म्हणाला आणि आत ठेवून दिला. तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं. झेरॉक्स तिच्याकडे होत्या. तलाठी कार्यालयात मूळ प्रत दाखवा म्हणाले.

ती खाली गेली. नाना म्हणाला, हाय ना, जागेवर हाय. किल्ली रंभाकडं. रंभाकाकीला फोन केला. तिच्या भावाच्या घरी वास्तुशांत होती, ती म्हणाली मी परवा येते. परवा ती आली, पण किल्लीचा जुडगा चिरनेरलाच राहिला. निकेशला सांगितलं, त्याने अंगठा वर केला आणि विसरला. आईला म्हटलं तू बोल. आई म्हणाली, “बोलीन, पन नानाला वाईट नको वाटाला.” बोलली नाही. कुणीही एकदाही नाही म्हटलं नाही. समीक्षाला वाटायला लागलं, आपण उशीवर बुक्के मारतोय.

•

तेव्हाच तो शब्द आला.

आभा नावाची एक नर्स. तिला जर्मनीतल्या नोकरीचं पत्र आलं होतं आणि सोबत तिथल्या एका बचत बँकेची पुस्तिका. त्यात एका खात्याबद्दल लिहिलं होतं, म्युंडेलझिशर. झिशर म्हणजे सुरक्षित, ते तिला ठाऊक होतं. उरलेल्याचं काय?

“मॅडम, मुंडी शाबूत राहील असं खातं का?”

वर्ग हसला. समीक्षाने शब्दकोश उघडला. म्युंडेल म्हणजे ज्याला दुसरा कुणी सांभाळतो तो अज्ञान. म्युंडेलगेल्ड म्हणजे अशा मुलाचा पैसा. सांभाळणाऱ्याने तो भलत्यासलत्या जागी गुंतवायचा नाही, जिथे बुडण्याची भीतीच नाही अशाच ठिकाणी ठेवायचा. अशी जी ठिकाणं, ती म्युंडेलझिशर. बँकेने आपल्या साध्या बचत खात्याची तारीफ केली होती: अज्ञान मुलाचे पैसेसुद्धा डोळे मिटून ठेवावेत, इतकं हे खातं सुरक्षित.

समीक्षा वाचत राहिली. वर्ग वाट बघत होता. सातव्या मजल्याचा फ्लॅट म्युंडेलझिशर होता. तिचा पासपोर्टही.

आशालताबाईंच्या क्लासची एक रीत होती, शनिवारचा शब्द. दर शनिवारी एक जोडशब्द फळ्यावर आडवा पाडायचा आणि फोडायचा. आधी शेपूट, मग डोकं, शेवटी पिवळ्या खडूने मूळ. येणारा शनिवार शेवटचा होता. जुने विद्यार्थी येणार होते, समोसे सांगितले होते, आणि बाईंनी फळा समीक्षाकडे दिला होता. समीक्षाने घरच्यांनाही बोलावलं. तिने ठरवलं होतं, मराठीत फोडायचा. आणि पहिल्या रांगेत नानाला बसवायचं.

तिच्याकडे हत्यार होतं. पालनकर्त्याला जर्मनमध्ये फोरमुंड म्हणतात. फोर म्हणजे पुढे. मुंड म्हणजे तोंड. तोंडापुढे उभा राहणारा, तुमच्याऐवजी बोलणारा. तिने ते स्वयंपाकघरात कुकरला ऐकवलं, जिन्यात ऐकवलं, रिक्षात ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. माणसाच्या तोंडापुढे दुसरा माणूस किती वर्षं उभा राहू शकतो, असा प्रश्न शेवटी टाकायचा आणि खडू खाली ठेवायचा. नानाला न दुखवता नानाला कळेल, अशी ती योजना होती.

शुक्रवारी बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“अगं, हे ते तोंड नव्हेच.”

त्यांनी जाडा शब्दकोश ओढला. उच्चार एकच, पण घराणी वेगळी. तोंडाचा मुंड निराळा. पालनकर्त्यातला मुंट हा जुना, आता वापरातून गेलेला शब्द. त्याचा अर्थ हात. कुणाच्या डोक्यावर धरलेला हात, आणि त्यावरून रक्षण, राखण. लॅटिनमधल्या हाताच्या शब्दाशी त्याचं नातं. म्युंडेल म्हणजे हाताखालचा. आणि म्युंडिश, म्हणजे सज्ञान, ज्याच्याकडे तो हात आता स्वतःचा आला.

“पण तोंड जास्त बरोबर वाटतं,” समीक्षा म्हणाली.

“वाटतं. सगळ्या जर्मनांनाही वाटतं. चूक आहे.”

समीक्षाला बाईंचा इतका राग आला की तिने शब्दकोश जरा जोरातच मिटला. बाई गेल्या चाळीस वर्षांत कुणाच्या सोयीसाठी मूळ बदलायला तयार झाल्या नव्हत्या, आणि आज तरी त्यांचं काय बिघडणार होतं? एक तोंड दिलं असतं. तिला हात नको होता. हात म्हटलं की नाना मऊ होतो. हात म्हटलं की वडील गेल्यावरचा नाना आठवतो, तिला शाळेत सोडायला येणारा. हायवे ओलांडताना तो हात धरायचा नाही, मनगट धरायचा, बोटं रुतेपर्यंत. अजून धरतो. बत्तीस वर्षांच्या बाईचं मनगट, पनवेलच्या भर रस्त्यात, विद्यार्थिनींसमोर.

मग तिला शेपूट सापडलं.

गेल्ड. आज साधा पैसा. पण जुन्या काळी या शब्दाचा अर्थ होता देणं, भरपाई, जे परत करायचं ते. बाई म्हणाल्या, या जोडशब्दात तो अर्थ घुसडू नकोस, इथे गेल्ड म्हणजे नुसता पैसाच. फार तर जाता जाता सांग, जुना अर्थ असा होता म्हणून. जाता जाता पुरे होतं. शब्द शेपटाकडून वाचायचा, आणि शेपटात परत करणं होतं. समीक्षाने ते शेवटाला ठेवलं. रीत मोडून. आधी डोकं, मग शेपूट, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात तेच राहील.

चूक तिथे झाली.

•

शनिवारी नाना पांढरा फुल शर्ट घालून आला, पिशवी गळ्यात. पहिल्या रांगेत बसला. शेजारी मनिषा पदर सावरून, पलीकडे निकेश मोबाईलवर. मागे नर्सेस.

समीक्षाने म्युंडेलगेल्ड फळ्यावर लिहिला. मधोमध रेघ मारली. मुंट पिवळ्या खडूने लिहिला आणि सांगायला लागली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, नाना पुढे झुकलाय. तोंड किंचित उघडं. आजवर तिचं काहीही त्याने असं ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, लागतंय. ती जोरात आली. हाताखालचं मूल, त्याची राखण, त्याचा पैसा भलतीकडे लावायचा नाही म्हणून कायद्याने घातलेलं बंधन.

नानाने शाळेतल्यासारखा हात वर केला.

“हात डोक्याव ठेवाचा, का हाताला धराचा?”

समीक्षा म्हणाली, शब्दकोशात तेवढं दिलेलं नाही. राखण एवढंच दिलंय.

“आनि जो राखतो, त्याला काय म्हनलीस?”

“फोरमुंड.”

नाना वळला. मागच्या सगळ्या बाकांकडे बघून म्हणाला, “म्हंजे मीच की. मी हिचा फोरमुंड. सात वर्साची व्हती तवापासून.”

आभाने टाळी वाजवली. तिच्यामागून सगळ्यांनी. कुणीतरी म्हणालं, किती गोड. मनिषाने डोळे टिपले. निकेशने मोबाईल उचलून बापाचा आणि फळ्याचा फोटो काढला. त्याच क्षणी समोसे आले, गरम होते, आणि खोलीतली माणसं उठली ती परत बसली नाहीत. बाई पुढे होऊन नानाशी बोलायला लागल्या, नाना त्यांना बाळारामबद्दल सांगायला लागला. समीक्षा हातात खडू घेऊन उभी राहिली. फळ्यावर रेघेच्या उजवीकडे गेल्ड तसाच होता. त्याच्याखाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

शेपूट राहूनच गेलं.

•

परतताना रिक्षात ती नानाशी बोलली. मनात.

नाना, पुढचा भाग ऐकायचा राहिला, तो असा की

नाना, जर्मनीत अठरा झाली की फोरमुंड

नाना, हात काढला म्हणजे माया गेली असं

नाना, मला गाळा

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, करंजाडेला कुठल्या सेक्टरला? उत्तर नानाने दिलं.

रविवारपर्यंत घराच्या खालच्या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवून झाला होता. नाना शब्द बरोबर उच्चारत होता, फोरमुंड, अगदी स्वच्छ. समीक्षाच्या निम्म्या नर्सेसना तो जमत नाही.

•

मंगळवार. नोंदणी कार्यालय हायवेच्या पलीकडे आहे. नानाने पिशवी खांद्यावर टाकली आणि तिचं मनगट धरलं. ट्रक, टँकर, विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सी. पलीकडे पोचल्यावर सोडलं. बोटांचे ठसे राहिले होते, ते तिने ओढणीने झाकले.

कपाट उघडलंच नव्हतं, तेव्हा वकिलाने दुसऱ्या वाटेचं मुखत्यारपत्र पुढे केलं. नाना त्यालाही फोरमुंड सांगत होता. वकील बरं बरं म्हणत कागद सरळ करत होता. समीक्षा वाचायला लागली. माझ्या वतीने, माझ्या नावे, मी स्वतः हजर आहे असे समजून. ओळ संपत नव्हती. विकणे, बदलणे, गहाण टाकणे, कबूल करणे, आणि वरील सर्व मी केले असे मला मान्य राहील. निकेश घड्याळ बघत होता. बिल्डरचा माणूस बाहेर गाडीत बसून होता.

तिने पेन टोपण लावून परत ठेवलं.

“नाय करत.”

निकेशने आधी हसून घेतलं. मग तो म्हणाला, बिल्डर काय तुझ्यासाठी थांबणार नाही, त्याला दहा जागा आहेत. मग आवाज वाढला, तेव्हा वकिलाने बाहेर जाऊन बोलायला सांगितलं. बाहेर बाकावर नाना बसला आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

“तू मना चोर समजते काय गो?”

“नाय नाना. चोर असतास तं सोपा व्हता.”

“मंग?”

“सई कराची हाय मना. पन माजी. तुज्या हातानी नाय.”

“येवढाच व्हता तं आदी बोलाचा ना,” नाना म्हणाला.

आणि हे ऐकून समीक्षाला त्या बाकावर डोकं आपटावंसं वाटलं. कारण तिने आधी सांगितलं होतं. अठराव्या वर्षी सांगितलं होतं, चोविसाव्या वर्षी सांगितलं होतं, मागच्या पंधरवड्यात रोज सांगितलं होतं. आणि नाना खोटं बोलत नव्हता. त्याने खरोखरच ऐकलं नव्हतं.

•

नंतरचं थोडक्यात, कारण ते फार सावकाश झालं.

नाना तिच्याशी बोलेनासा झाला. रंभाकाकी वर साखर मागायला यायची ती बंद झाली. मनिषा जेवताना उसासे टाकायची, कुणाच्या बाजूने ते कळायचं नाही. एका सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर प्लास्टिकची पिशवी ठेवलेली मिळाली. आत जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, प्रमाणपत्र, पासपोर्ट, सगळं सरळ, एकाही कागदाला घडी नाही. पासपोर्टची मुदत संपली होती.

अर्ज गेला. नोंद धरली गेली, नोटीस निघाली, हरकतीची मुदत सुरू झाली. हरकत कुणी घेणार नव्हतं, तरी मुदत संपावी लागते. या काळात बिल्डर पळू नये म्हणून निकेशने त्याला एक चारा टाकला. रस्त्यावरचा गाळा आधीच एका औषधाच्या दुकानाला देऊन टाकला आणि त्याचा बयाणा बिल्डरच्या हाती ठेवला. समीक्षाला त्याने हे सांगितलं तेव्हा तो ओशाळला होता. म्हणाला, तू सई केली असतीस तं मी तुझ्यासाठी राखला असता. खरं असेल. त्याचा चेहरा खरं बोलणाऱ्यासारखा होता. या घरात सगळ्यांचेच चेहरे तसे असतात.

लाइन आळीतली खोली रिकामी झाली. फळा इमारत पाडणाऱ्यांबरोबर गेला. आशालताबाई पुण्याहून फोन करतात आणि विचारतात, शनिवारचा शब्द कुठला? समीक्षा करंजाडेच्या वरच्या मजल्यावरून, लॅपटॉपवर शिकवते. दर थोड्या वेळाने छतावरून आवाज जातो आणि ती म्हणते, एक मिनिट, विमान. नर्सेस खिडकीखिडकीत पेंगतात. अर्ध्या गळाल्या. आभा गेली, तिथे तिने खातं उघडलं, म्युंडेलझिशर, फोटो पाठवला.

मग अक्षरं निघाली. सातबाऱ्यावर तिचं नाव आलं, पुढे कुणी नाही. करारनाम्याची तारीख परत ठरली आणि समीक्षा मढवीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने, प्रत्येक पानावर सही केली. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी. दुसरं काही उरलंच नव्हतं.

कॅमेऱ्यापुढे फोटो काढून झाला, अंगठा लागला. नानाचीही सही होती, त्याच्या हिश्श्याची. तो शेजारी उभा होता. कितीतरी दिवसांनी बोलला.

“झाला तुज्या मनासारका?”

समीक्षाने आपले कागद गोळा केले आणि ती बाहेर पडली. दुपार तापली होती. निकेश गाडी आणायला गेला होता, ती पलीकडच्या बाजूला लावलेली. समीक्षा थांबली नाही. हायवेच्या कडेला आली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक टँकर जाऊ दिला आणि चालत सुटली. मनगट मोकळं. मधल्या पट्टीवर क्षणभर उभी राहिली, मग उरलेला रस्ता. पलीकडे पोचली आणि वळली.

नाना अलीकडेच होता. काठावर. पिशवी गळ्यात, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, रिकामे. एक ट्रक गेला. मग रस्ता मोकळा झाला, चांगला मोकळा, म्हातारी बाईसुद्धा आली असती. नाना हलला नाही. परत गाड्या लागल्या. निकेशने हॉर्न दिला. समीक्षाने हात उंचावून खुणावलं, ये. तो तिच्याकडे बघत होता, पण पाऊल उचलत नव्हता. आता हे काय नवीन, असं तिच्या मनात आलं आणि डोकं परत तापलं. तिने दुसऱ्यांदा खुणावलं, जरा रागाने. रस्ता परत मोकळा झाला. तो उभाच.

बाळाराम मढवी हाच हायवे ओलांडताना गेले, बाजार करून परत येत होते. नाना बरोबर होता आणि त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.